सांगायचं नाही असं दुखणं

पिशवी काढली, छातीत गाठ निघाली, पाळी गेली, हे सगळं आपण बायका बस्तीच्या पायरीवर बसून एकमेकींना सांगतो. घरातले पुरुष मात्र लघवीच्या तक्रारीबद्दल वर्षानुवर्षं बोलत नाहीत. रात्री चार वेळा उठतात, आणि विचारलं तर म्हणतात, "वय झालं, चालायचंच."

माझ्या थोरल्या भाऊजींचं असंच झालं. रक्तात पीएसए वाढलेलं निघालं. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असं नसतं. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. ती वयानं वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी आकडा चढतो. पण तुकडा तपासला आणि कर्करोग ठरला. भाऊजींनी डॉक्टरांना विनवलं, "घरी साधी गाठ म्हणून सांगा. हिला बाकीचं नको कळायला."

शरीर त्यांचं, रोग त्यांचा. मग सांगायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं ना? भाऊजींकडे शास्त्राधारही होता. रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या सत्यव्रताला सवलत आहे: ज्यानं संकट ओढवेल ते सत्यही बोलू नये. खरं आहे. पण त्याच ठिकाणी असंही आहे की, खोटं स्वतः बोलू नये आणि दुसऱ्याकडून बोलवूनही घेऊ नये. हा भाग आपण सोयीनं विसरतो. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांना 1981 मध्ये हाच रोग निघाला आणि 1992 पर्यंत तो लोकांपासून लपवला गेला. तेवढी वर्षं त्यांच्या डॉक्टरांना खोटी आरोग्यपत्रकं काढावी लागली. लपवणारा एकटा कधी लपवत नाही.

आणि संकट तरी कुठलं? ग्रंथीबाहेर न गेलेला रोग असलेल्या सोळाशेवर पुरुषांना ब्रिटनमध्ये पंधरा वर्षं तपासत राहिले. शस्त्रक्रिया, किरण किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी या रोगानं मेले ते शंभरातले तीनच. (रोग हाडांत गेला असेल तर गोष्ट निराळी.) मला वाटतं, भाऊजींना मरणाचं भय नव्हतंच. किरणांनंतर नवरेपण उणावू शकतं, लघवी आवरत नाही, हे बायकोनं पाहू नये, एवढंच होतं. ते जाऊबाईंना जपत नव्हते, स्वतःची प्रतिमा जपत होते. त्यात दुष्टपणा काही नाही, पण त्याला तिची काळजी म्हणू नये.

शेवटी फोडलं ते पाण्यानं. किरण देताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे आतडं बाजूला राहतं. चतुर्दशीला एकाशन करणारा माणूस सकाळी साडेदहाला घटाघटा पाणी पितो, हे बायकोपासून कसं लपणार? पुढं संप्रेरकांच्या इंजेक्शननं त्यांना अंगात वाफा यायला लागल्या, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मला पन्नाशीत झालं ते तुम्हाला सत्तरीत! पंखा लावू का?"

वीस दिवस किरण होते. दुखत काहीच नाही. थकवा मात्र येतो, लघवीला जळजळतं. बाहेरच्या बाकावर सगळे बाटल्या घेऊन, पोट आवळून बसलेले. चिकोडीकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय हो अण्णा, तुम्हालाबी जळतंय का?" भाऊजी सांगत बसले, अगदी सगळं. शेजारी जाऊबाई पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. यातलं निम्मं त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.