ढगांआडचं आकाश

नवी दुर्बीण घरी येते आणि पाऊस सुरू होतो! ही हळहळ अनेक नवख्या आकाशनिरीक्षकांच्या वाट्याला येते.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जांतीय यांचं दुःख मात्र फार मोठं. १७६१ साली शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राचं सूर्यबिंबावरून सरकणं, त्यांना हलत्या जहाजावरून मोजता आलं नाही. पुढच्यासाठी ते आठ वर्षं थांबले. ४ जून १७६९ च्या सकाळी पुदुच्चेरीत नेमक्या वेळी आभाळ भरून आलं. अधिक्रमण संपलं आणि ऊन पडलं. पण त्या मुक्कामात तमिळ ज्योतिषांची ग्रहणगणिताची पद्धत त्यांनी शिकून घेतली होती.

पावसाळा असाच वापरावा. नकाशावर वृश्चिक, धनू ओळखायला शिकावं. दमटपणाने भिंगावर बुरशी धरते, म्हणून दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. आणि ढग फाटले की लगेच अंगणात यावं. चंद्रावरची विवरं पाहायला पाच मिनिटांची उघडीपही पुरते.