हार्डींची रेशमी पट्टी

शास्त्रज्ञाचं मोठेपण आपण त्याच्या शोधांवर मोजतो. ॲलिस्टर हार्डींच्या बाबतीत हा हिशेब नीट लागत नाही. एका वाक्यात सांगता येईल असा शोध त्यांच्या नावावर फारसा नाही. आहे ती जहाजामागे ओढायची, माशाच्या आकाराची एक धातूची पेटी.

१८९६ साली नॉटिंगहॅमला जन्मलेले हार्डी १९२१पासून इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टला हेरिंग मासे काय खातात याचा अभ्यास करत होते. १९२५ मध्ये ते ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण महासागरात गेले. मोहिमेचा खर्च देवमाशांच्या तेलावरच्या करातून निघत होता. ज्यांची बेसुमार शिकार चालली होती, त्यांच्याच तेलाच्या पैशांतून त्यांच्या अन्नाचा, म्हणजे क्रिलचा, तपास! तिथे एक अडचण पुन्हा पुन्हा समोर यायची. क्रिल समुद्रात सारखं पसरलेलं नसतं. एका ठिकाणी जाळं भरून वर येतं आणि थोडं पुढे गेलं की रिकामं. मग कुठल्या जाळ्यावर विश्वास ठेवायचा?

यातून ती पेटी सुचली. तोंडाशी जेमतेम सव्वा सेंटिमीटरचं चौकोनी छिद्र. आत शिरणारं पाणी रेशमाच्या पट्टीतून गाळलं जातं, अडकलेल्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, दुसरी पट्टी येऊन बसते आणि दोन्ही मिळून फॉर्मालिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. खरी खुबी पुढेच आहे. पट्टी सरकवणारा पंखा ओढीच्या पाण्यानेच फिरतो, त्यामुळे रेशीम सरकतं ते घड्याळाप्रमाणे नव्हे, कापलेल्या अंतराप्रमाणे. जहाज हळू जावो की जोरात, सुमारे दहा सेंटिमीटर रेशीम म्हणजे दहा सागरी मैल. १९३१पासून उत्तर समुद्रातली मालवाहू जहाजं ही पेटी ओढू लागली. संशोधकाने जहाजावर असण्याचीही गरज उरली नाही.

प्रयोगशाळेत पट्टी उलगडली की आधी तिचा हिरवेपणा, म्हणजे वनस्पती-प्लवक किती आहेत ते, बघतात. रंग नाही, अगदी फिका, फिका, हिरवा, अशा चारच पायऱ्या. उपकरणांच्या आजच्या जमान्यात हे गावठी वाटेल. पण पद्धत मुद्दामच फारशी बदललेली नाही, रेशीमसुद्धा अजून रेशीमच आहे. मोजमाप सुधारलं तर आकडे अचूक होतील, पण जुन्या आकड्यांशी त्यांचं बोलणं तुटेल. सुधारणेचा मोह आवरणं हीसुद्धा विज्ञानातली एक शिस्त आहे, आणि तिला कुणी पुरस्कार देत नाही.

कोळ्यांना हेरिंगचा माग लागावा हा मूळ हेतू पुढे मागे पडला. पट्ट्या मात्र साठत गेल्या, आणि हार्डींच्या मनातही नसलेल्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागल्या. *कॅलॅनस* या कोपेपॉडच्या, म्हणजे चिमुकल्या कवचधारी प्लवकाच्या, दोन जाती इतक्या सारख्या दिसतात, की पायांची पाचवी जोडी न्याहाळून त्या ओळखाव्या लागतात. एक थंड पाण्यातली, दुसरी उबदार पाण्यातली. असल्या डोळेफोड कामातूनच २००२ मध्ये दिसून आलं, की ईशान्य अटलांटिकमधले उबदार पाण्याचे कोपेपॉड चार दशकांत अक्षांशाचे सुमारे दहा अंश उत्तरेला सरकले आहेत. उत्तर समुद्रातल्या कॉड माशांची पिल्लं ज्या थंड पाण्याच्या जातीवर वाढतात, ती त्याच वेळी मागे हटत होती. २००४ मध्ये जुन्याच पट्ट्या पुन्हा तपासल्या, तर १९६० च्या दशकापासूनचे प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू त्यांत सापडले. ते कुणी मागितले नव्हते, म्हणून त्यांची साक्ष अधिक भरवशाची.

हार्डी १९४६ मध्ये ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. माणसाचे पूर्वज काही काळ पाण्याकाठी जगले असावेत, हा तीसेक वर्षं मनात दाबून ठेवलेला तर्क त्यांनी १९६० मध्ये जाहीर केला. तो बहुतेकांना पटला नाही, मलाही पटत नाही. १९६९ मध्ये त्यांनी धार्मिक अनुभवांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं आणि सामान्य लोकांना आपापले अनुभव लिहून पाठवायला सांगितलं. विज्ञानाची वाट सोडली, असं अनेकांना वाटलं असेल. मला तर तिथेही तोच निसर्ग-अभ्यासक दिसतो: आधी नमुने गोळा करा, वर्गवारी करा, निष्कर्षाची घाई नको.

पेटी ओढताना काही अडकलं तर त्याची नोंद ठेवायची, हाही जुना शिरस्ता. १९५७ च्या नोंदीत मासेमारीची दोरी आहे. १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येला अडकलेल्या वस्तूपुढे लिहिलं आहे: प्लास्टिकची पिशवी.