आयतं खाणाऱ्याचा हिशेब

मुंबईतल्या आरेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी ‘परजीवी’ हा शब्द हल्ली फार येतो. पाड्यावरची माणसं, तबेल्यातले गडी, झोपड्यांतले संसार, सगळे परजीवी. परवा चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी त्याला विज्ञानाची फोडणी दिली. ‘आयतं मिळालं की अवयव झडतात, निसर्गनियमच आहे.’ पलीकडच्या गोठ्यात एक म्हैस शेपटीने गोमाश्या वारत होती.

त्या गोमाश्यांच्या सोंडेवरून पसरणारा ‘सर्रा’ हा रोग गुराखीही ओळखतात. त्याचा एकपेशीय जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, ग्रिफिथ इव्हान्स यांना डेरा इस्माईल खानला सापडला तो १८८० साली. प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर यांचं अधोगतीवरचं पुस्तकही त्याच वर्षीचं. परजीवीपणा म्हणजे घसरण, हा सिद्धान्त तिथून लोकांच्या जिभेवर बसला. गंमत म्हणजे बेडकाच्या रक्तातला ट्रिपॅनोसोम लँकेस्टरनी १८७१ मध्येच पाहिला होता.

पुढच्या संशोधनातूनही या सिद्धान्ताला आधार मिळाल्यासारखं वाटलं. इव्हान्सायचा आफ्रिकेतला भाऊबंद ट्रिपॅनोसोमा ब्रुसी त्सेत्से माशीच्या पोटात असताना प्रोलीनवर जगतो आणि त्याचा मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी, जोरात चालतो. सस्तन प्राण्याच्या रक्तात आला की तो नुसती साखर फोडतो. एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी, म्हणजे ऊर्जेची नाणी, पदरात पडतात आणि उरलेलं पायरुव्हेट तो बाहेर टाकतो. १९७७ मध्ये ऑपरडूस आणि बोर्स्ट यांनी साखर फोडण्याचा हा कारखाना ज्या पिशवीत चालतो ती, म्हणजे ग्लायकोसोम, शोधली. उधळ्या, आळशी, असा शिक्का पक्का झाला.

इथेच सगळे चुकतात. रक्तात मायटोकाँड्रिया झोपलेला नसतो. त्याच्या पडद्यावरचा विद्युतभार टिकवावा लागतो, नाहीतर पेशी मरते. म्हणून एटीपी बनवणारं यंत्र तिथे उलटं फिरतं आणि साखरेतून कमावलेलं एटीपी खर्च करतं. त्या यंत्राचा एक भाग मायटोकाँड्रियाच्याच डीएनएत लिहिलेला आहे. म्हणजे साखर कितीही मुबलक असो, तो डीएनए गमावणं ब्रुसीला परवडत नाही.

इव्हान्सायने मात्र त्यातला महत्त्वाचा भाग गमावला. काही वाणांत तर तो सगळाच गेला. हे शक्य झालं ते त्याच यंत्राच्या दुसऱ्या एका घटकात बदल झाल्यामुळे. असा एखादाच बदलही पुरतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. आधी पर्यायी जोडणी, मग झडणं. ऐषारामातून हे घडलं नसतं.

२०१६ मध्ये तर उंदरांच्या चरबीत राहणारा ब्रुसी मेदाम्लं जाळताना सापडला. साखरखाऊ म्हणून हिणवलेला तोच.

‘झडलेलं परत तर येत नाही ना?’ गृहस्थांनी विचारलं. नाही येत. इव्हान्साय आता त्सेत्सेच्या पोटात वाढू शकत नाही. पण तो उत्तर आफ्रिकेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो निघाला. माणसाच्या रक्तात एरवी असणारं, या जंतूला मारणारं एपीओएल-१ हे प्रथिन त्या माणसात नव्हतं. आणि त्सेत्से आरेत आहेच कुठे?