बुडालेल्या गावावरचा मुक्काम

हाउसबोट म्हटलं की केरळ आठवतं. तिथली केट्टुवळ्ळम मुळात भाताची पोती वाहणारी नाव. रस्ते झाले, ट्रक आले, नावेचं काम गेलं; मग तिच्यावर पलंग आणि न्हाणीघर चढलं. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीने कर्ली नदीत तशा बोटी आणल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नदी आधीही नदीच होती.

अडचण धरणाच्या पाण्याची आहे. आम्हा आर्वीकरांना समुद्र लांब, म्हणून ग्रुपवर सुट्टीचा विषय निघाला की हनुवंतियाचं नाव येतं. मध्य प्रदेशातल्या इंदिरा सागर जलाशयाचा काठ, कॉटेज, हाउसबोट. याच जलाशयासाठी २००४ साली हरसूद रिकामं झालं. लोकांनी स्वतःच्या हातांनी घरं पाडून विटा-दारं ट्रकवर लादून नेली.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने विचारलं, "मंग जाचंच नाही का?" प्रश्न रास्त आहे. आपल्याच तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण आहे, त्यासाठीही गावं उठली. त्या पाण्यावरचा गहू आपण बिनघोर खातो. मग बोटीवर झोपतानाच का टोचावं?

कारण जमीन मागितली होती ती शेतीच्या पाण्यासाठी, विजेसाठी. काठावरच्या कॉटेजसाठी नाही. आजारी माणसाला हवी म्हणून शेजाऱ्याची खाट आणली आणि पुढे ती लॉजवाल्याला भाड्याने दिली, तर शेजारी काय म्हणेल? (भाडं माग, म्हणेल.) १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ मध्ये तर स्पष्टच होतं: ज्या कामासाठी जमीन घेतली, त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ मोबदल्यात धरायची नाही. म्हणजे शेताचा भाव कोरड्या शेताचाच. पाण्यामुळे आलेली किंमत नंतर येणाऱ्याची.

"स्थानिकांना रोजगार मिळतो," हे उत्तर मला पुरत नाही. स्वतःच्या बुडालेल्या वावराशेजारी पाहुण्यांच्या पोळ्या लाटणं हा रोजगार आहे, वाटा नाही. कोयनेच्या शिवसागरात, तापोळा-बामणोलीला, गावकऱ्यांच्या स्वतःच्या बोटी चालतात. कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून भिजत पडलेत, तरी निदान फेरीचे पैसे त्यांच्या हातात पडतात. मला पैसे मोजायचे तर अशा बोटीवर मोजीन. हनुवंतियाला जायचं झालंच, तर बुकिंगआधी विचारेन: बोट कुणाची, आणि त्याचं शेत कुठे होतं?