सब्र कोणी कोणाला सांगावा?

संकटसमयी सब्र आणि नमाज यांच्या साहाय्याने अल्लाहची मदत मागावी आणि सब्र करणाऱ्यांच्या सोबत अल्लाह असतो, अशी ग्वाही सूरह बकरामध्ये (२:१५३) दिलेली आहे. या ग्वाहीविषयी कोणाही श्रद्धावंताच्या मनात शंका नाही. परंतु आजच्या व्यवहारात ‘सब्र करा’ हे दोन शब्द इतक्या सहज उच्चारले जातात, की त्यांचा अर्थ तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे काय? हक्कासाठी अर्ज, तक्रार, दावा करणारा माणूस अल्लाहवरील भरवसा गमावून बसतो काय? आणि सब्राचा उपदेश करण्याचा अधिकार नेमका कोणाला?

मुंबईच्या उपनगरांत हे प्रश्न केवळ ग्रंथातले नाहीत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी असंख्य कुटुंबे आहेत, ज्यांचे जुने घर पाडले गेले आणि नवे अजून कागदावरच आहे. गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजेच पत्राचाळीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासासाठी २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात करार झाला. रहिवाशांनी घरे रिकामी केली. पुढे बांधकाम रखडले, ठरलेले भाडेही बंद झाले. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाशी झालेला करार संपुष्टात आणला आणि २०२२ मध्ये स्वतः काम पुन्हा हाती घेतले. करार झाला त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल, करार संपुष्टात आला त्या वर्षी दहावी उत्तीर्ण झालेले होते. एवढ्या काळात कित्येक वडीलधारी माणसे नव्या घराचा उंबरठा न ओलांडताच हे जग सोडून गेली. हे दुःख कोण्या एका धर्माच्या लोकांचे नाही. आपल्या शेजाऱ्याचे आहे, आणि म्हणून आपलेही आहे.

अशा माणसाने सब्र कसा करावा, हे पवित्र कुरआनने आदरणीय याकूब (अ.) यांच्या चरित्रातून शिकवले आहे. लाडका पुत्र यूसुफ (अ.) हरवला तेव्हा त्यांनी उत्तम सब्राचा निश्चय केला. परंतु त्याच सूरहमध्ये असेही सांगितले आहे, की शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडले (१२:८४). अश्रूंमुळे त्यांचा सब्र भंगला नाही. त्यांनी आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले. आणि त्याच्या पुढच्याच आयतीत ते मुलांना आज्ञा करतात, की जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (१२:८७). रडणे, गाऱ्हाणे मांडणे आणि शोध घेणे या तिन्ही गोष्टी एकाच प्रेषिताच्या सब्रात सामावलेल्या आहेत.

स्वतः यूसुफ (अ.) यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. निरपराध असताना त्यांनी कित्येक वर्षे तुरुंगात काढली. अखेर राजाचे बोलावणे आले. दुसरा कोणी असता तर धावत बाहेर पडला असता. त्यांनी मात्र दूताला परत पाठवले आणि आधी आपल्यावरील आरोपाची चौकशी व्हावी असा आग्रह धरला (१२:५०). इतकी वर्षे वाट पाहणारा माणूस न्यायासाठी आणखी काही काळ थांबायला तयार होता, परंतु न्याय सोडून द्यायला तयार नव्हता. अर्ज करणारा, न्यायालयाची पायरी चढणारा, सनदशीर मार्गाने मोर्चात चालणारा माणूस तवक्कुलच्या विरोधात वागत नाही. प्रयत्न करणे हा आपला वाटा आहे. फळ अल्लाहच्या हाती आहे, हे ओळखणे म्हणजे तवक्कुल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. ऋणको खरोखरच अडचणीत असेल, तर त्याला सवलत मिळेपर्यंत मुदत द्यावी, अशी आज्ञा धनकोला आहे (२:२८०). येथे सब्र ज्याचे येणे आहे त्याच्याकडून अपेक्षिला आहे, तोही समोरचा असमर्थ असताना. मात्र ज्याच्यापाशी देण्याची ऐपत आहे त्याने चालढकल करणे हा जुलूम आहे, असे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितले आहे. थकलेले भाडे हे देणे आहे. वचन दिलेले घर हेही देणेच आहे. ते देण्यास समर्थ असलेला माणूस ‘जरा सब्र करा’ म्हणतो, तेव्हा तो उपदेश करीत नसतो, तर एका पवित्र शब्दाच्या आड स्वतःचा जुलूम लपवीत असतो.

मग सब्र सांगावा कोणी? प्रेषितांनी (स.) मक्केत यासिर यांच्या छळ सोसणाऱ्या कुटुंबाला सब्र करण्यास सांगितले. परंतु ते स्वतः त्याच मक्केत तेच वैर सोसत होते. शिअब-ए-अबी तालिबमध्ये बनू हाशिमवर बहिष्कार पडला तेव्हा सुमारे तीन वर्षे तेही सर्वांबरोबर उपाशी राहिले. ज्यांना सब्र सांगितला त्यांच्या दुःखात ते वाटेकरी होते.

सूरह अस्रमध्येही हाच क्रम आहे. तोट्यातून वाचणारे लोक एकमेकांना आधी सत्याचा आणि मग सब्राचा उपदेश करतात. सत्याची बाजू न घेता केवळ सब्र सांगणारा या सूरहचा अर्धाच भाग वाचतो. आम्ही मिंबरवर उभे राहणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. बेघर शेजाऱ्याला सब्र सांगण्यापूर्वी त्याच्या मुलांच्या फीची चौकशी करावी, त्याचा अर्ज लिहून द्यावा, सुनावणीच्या दिवशी त्याच्यासोबत जावे. कर्जात बुडालेल्यांचा जकातीत वाटा आहे (९:६०), तो त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. त्यानंतर आपल्या तोंडचा ‘सब्र’ हा शब्द त्याला धीर देईल.

यावर कोणी म्हणेल, एवढे करूनही घर मिळालेच नाही तर? या जगात प्रत्येक सब्राचे फळ दिसतेच, असे वचन अल्लाहने दिलेले नाही. याकूब (अ.) यांना यूसुफ परत भेटले. यासिर आणि सुमय्या (रजि.) यांनी मात्र मदीना पाहिलीच नाही, त्यांना वचन होते ते स्वर्गाचे. वाट पाहणाऱ्याच्या हाती एवढेच आहे, की त्या काळात खोट्या कागदांचा किंवा व्याजाचा आधार घेऊ नये, नमाज सुटू देऊ नये, घरातल्यांवर राग काढू नये आणि हक्काची मागणी सोडू नये. असा काढलेला एकही दिवस अल्लाहपाशी वाया जात नाही.

अल्लाह तआला वाट पाहणाऱ्यांना धीर देवो आणि ज्यांच्याकडे त्यांचे येणे आहे त्यांना ते फेडण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.