एक कृत्य, दोन निकाल

माणसाला संपूर्ण सत्य कळत नसेल, तर त्याने दुसऱ्याचा न्याय कोणत्या अधिकाराने करावा, हा प्रश्न धर्मशास्त्रालाही टाळता आला नव्हता. याज्ञवल्क्य स्मृतीने लेख, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षीदार ही मानवी प्रमाणे मानली व ती नसतील तेव्हा दिव्याची, म्हणजे दैवी कौलाची, वाट दाखवली. मराठेशाहीतही उकळत्या तेलातून धातूचा रवा काढून हात भाजला की नाही हे पाहण्याची रीत होती. संशय उरला की निर्णयाचा भार ईश्वरावर टाकायचा आणि पुरावा मात्र बहुधा आरोपिताच्याच देहातून मागायचा, अशी ही व्यवस्था होती. तथापि गंभीर अभियोगात आरोप करणाऱ्यानेही आरोप खोटा ठरल्यास दंड सोसण्याची तयारी दाखवावी, अशी अट याज्ञवल्क्याने घातली होती, हे विसरता येत नाही.

आजचे न्यायालय ईश्वराला कौल लावत नाही. आपली चूक झालीच, तर तिची झळ कोणाला बसावी, एवढे ते आधी ठरवून ठेवते. नेरूळमधील एखादी सदनिका बनावट मुखत्यारपत्रावर परस्पर विकली गेली, असे मानले, तर मूळ मालक विक्रीखत रद्द व्हावे म्हणून दिवाणी दावा लावतो. त्यावर प्रतिवादी कैफियत, म्हणजे आपले लेखी उत्तर, देतो, न्यायालय वादाचे मुद्दे काढते, आणि सरतपासात, म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीत, जे सांगितले गेले ते विरोधी वकील उलटतपासात पारखतो. त्याच व्यवहाराची फिर्याद नेरूळ पोलीस ठाण्यात नोंदली गेली, तर तपास, दोषारोपपत्र आणि आरोपनिश्चिती या मार्गाने फौजदारी खटला उभा राहतो. दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभाव्य तो जिंकतो; फौजदारीत मात्र वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. त्यामुळे दस्त बनावट ठरून रद्द व्हावा आणि आरोपी निर्दोष सुटावा, हे दोन्ही निकाल एकाच वेळी योग्य असू शकतात. बनावट असल्याचा आरोप असलेल्या मृत्युपत्रावरून उद्भवलेल्या इक्बाल सिंग मारवाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2005 मध्ये हेच मान्य केले : एका कार्यवाहीतील निष्कर्ष दुसरीवर बंधनकारक नसतो.

सत्य एकच आहे असे मानणाऱ्याला हा दुटप्पीपणा वाटेल, परंतु दाव्यात चूक झाली तर मालमत्ता जाते, खटल्यात चूक झाली तर माणसाचे स्वातंत्र्य जाते, आणि या दोन हानी एकाच तागडीत घालणे हाच खरा अधर्म ठरेल. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतो तेव्हा त्याला शपथही दिली जात नाही. जिथे दिव्य आरोपिताच्या हातालाच बोलायला लावत होते, तिथे त्याच्या मौनालाही आता संरक्षण आहे.

ईश्वर न्यायालयातून पुरता गेला, असे मात्र नाही. प्रतिपक्षाने विशिष्ट शपथ घेतल्यास त्याचे म्हणणे आपल्यावर बंधनकारक राहील, असे मान्य करण्याची मुभा 1873 च्या शपथ कायद्याने पक्षकाराला दिली होती. 1969 च्या कायद्याने ती वगळली. आता श्रद्धाळू साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो, अश्रद्ध साक्षीदार गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो, आणि उलटतपास दोघांचाही होतो.