म्हणे, चार पोरं लावून उचलू!

बसा सगळे. तबल्यांच्या खोळी नंतर बांधा, मोबाइल खाली ठेवा.

काल तुमच्या समारोह समितीचं टिपण वाचलं. कमानीला झेंडू लावायचा की शेवंती, चहा किती वेळा द्यायचा, प्रमुख पाहुण्यांना घ्यायला कोणाची गाडी जाणार, यावर दीड पान. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘अपंग श्रोते आल्यास चार मुलं लावून उचलून आत घ्यावं.’ खाली सगळ्यांच्या सह्या. सही करताना एकाचाही हात अडखळला नाही?

उचलणार म्हणजे नक्की काय करणार, सांगा बघू. खुर्ची कुठे धरायची? बाजूच्या हातांना? बऱ्याच व्हीलचेअरचे हात काढता-घालता येतात. ते तुमच्या मुठीत राहतील आणि माणूस पायरीवर आपटेल. बॅटरीवर चालणारी खुर्ची असली तर ती रिकामीच बऱ्याचदा तुमच्यापैकी कोणाहीपेक्षा जड असते. मग काय, माणसाला वेगळं उचलणार आणि खुर्ची बाहेर ठेवणार? एखादी बाई ठेवणीतली साडी नेसून, तिकीट काढून गाणं ऐकायला आली आहे. चार अनोळखी पोरं तिच्या काखेत हात घालणार, ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणून ओरडणार आणि कपाट हलवल्यासारखं तिला आत आणणार. सगळं सभागृह माना वळवून बघणार. तुमच्यातला एखादा उत्साही त्याचा फोटोही काढेल, ‘आमचे सेवाभावी कार्यकर्ते’ म्हणून स्मरणिकेत छापायला. हसू नका, गेल्या वर्षी रक्तदानाचे छापले होतेत.

आणि ती बाहेर कशी पडणार? तुम्हाला एखाद्याचं गाणं रुचलं नाही की मध्यंतराची वाट न बघता वडापावच्या गाडीवर जाता. मला दिसतं बरं का, मी पुढे बसलेली असले तरी. कंटाळा आला की उठून जाणं हा श्रोत्याचा हक्कच आहे. तिला मात्र उठायचं झालं तर आधी ती चार पोरं शोधायची. पैकी दोन वडापावच्या गाडीवर.

रॅम्पचं नाव काढू नका. गेल्या वर्षी तुम्ही लावलेली ती फळी मी बघितली आहे. पायऱ्या तीन, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे चढ अठरा इंचांचा. नियम साधा आहे, एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. अठरा इंचांना अठरा फूट लागतात. तुम्ही टाकली चार फुटांची प्लायवूडची फळी, वर लाल गालिचा, खिळा न मारता. अडीच फुटांत एक फूट चढ झाला तो! लयकारीत पावपट, पाऊणपट, सव्वापट करून दाखवता आणि हा त्रैराशिकाचा हिशेब जमला नाही. ‘बाई, अठरा फूट जागा कुठे आहे?’ हे उत्तर नको. प्रायोजकाच्या फ्लेक्सला त्याच दारात वीस फूट मिळाले होते.

स्वच्छतागृहाची गोष्ट तर सांगायलाही नको. दारावर व्हीलचेअरचं चित्र आहे, आत मोडक्या खुर्च्या, जुने फ्लेक्स आणि नाटकवाल्यांचा एक लाकडी सिंह. किल्ली रखवालदाराकडे, आणि तो नऊला जेवायला जातो. गाणं दहापर्यंत चालतं. व्हीलचेअरवरची कितीतरी माणसं अशा कार्यक्रमाला यायचं म्हणून दुपारपासून पाणी पीत नाहीत, हे तुमच्या कधी कानावर आलंय? मल्हार ऐकायला येताना घसा कोरडा ठेवून यावं लागतं त्यांना.

परवा बैठकीत कोणीतरी म्हणालं, ‘पण बाई, आपल्याकडे असं कोणी येतच नाही.’ कोण बोललं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. अरे शहाण्या, येणार कसे? दार तू बंद केलंस, आणि आता कोणी येत नाही असंही तूच सांगतोस. पत्रिकेवर पायऱ्या किती, रॅम्प आहे का, फोन कोणाला करायचा, यातलं एक अक्षर नसतं. माणूस एकदा येतो, खालूनच परत जातो आणि पुन्हा फिरकत नाही. तुमच्या वहीत त्याची नोंद शून्य.

दुसरा शहाणा म्हणाला, बहिरा माणूस गाण्याला कशाला येईल? तेव्हा पाचजण खिदळले. एव्हलिन ग्लेनी हे नाव लिहून घ्या. स्कॉटलंडची तालवादक. बाराव्या वर्षापर्यंत तिची श्रवणशक्ती जवळपास पूर्ण गेली होती. ती अनवाणी वाजवते, कारण नाद तिला पायांतून, अंगातून कळतो. लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २०१२ साली, शेकडो ढोलवाल्यांच्या पुढे ती होती. तुम्हाला अजून पायाने ताल धरता येत नाही. आणि तुमचा तो कोल्डप्ले, ज्याच्या तिकिटांसाठी तुम्ही रियाज बुडवून ऑनलाइन रांगेत बसला होतात! त्या मंडळींनी आपल्या जगभरच्या दौऱ्यात कर्णबधिर श्रोत्यांना कंपनं जाणवणारी जाकिटं दिली. ते सोडून बाकी सगळं तुम्ही उचललंत, केसांच्या रंगासकट.

लांब कशाला जाता? आपल्या पहिल्या तीन रांगांत बसलेले आजोबा-आजी कोण आहेत? निम्म्यांच्या कानांत यंत्र आहे. सभागृहाचा घुमारा, शेजाऱ्याची कुजबूज आणि गाणं, सगळं त्या यंत्रातून एकदम कानात शिरतं. त्यावर उपाय आहे. बसायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं फिरवायचं, ते एका अॅम्प्लिफायरला जोडायचं. यंत्रात टेलिकॉइल असली की माइकवरचा आवाज थेट कानात. ध्वनिवाल्याला विचारलंत कधी? त्याच्याशी तुमचं बोलणं एवढंच, ‘दादा, तबला जरा वाढवा.’

अंध श्रोत्याची काठी धरून त्याला ओढत नेणाऱ्यांनी हात वर करा. नको, राहू दे. आपला कोपर पुढे करायचा, त्याला धरू द्यायचा, अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि पायरी आली की तोंडाने सांगायचं. राग-ताल पडद्यावर झळकवून निवेदकाने मिरवायचं नाही, बोलून सांगायचं.

पण माझा खरा राग पुढेच आहे. रंगमंचाला पाच पायऱ्या आहेत आणि मंचावर रॅम्प हवा हे तुमच्या टिपणात सुद्धा नाही. म्हणजे ज्याला पाय नाहीत त्याने फार तर ऐकावं, गायचं नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. कोणाच्या परंपरेत शिकता आहात तुम्ही? विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने भाजले, डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणून आज तुमच्यासारख्यांना वर्गात बसून गाणं शिकता येतं. गदगचे पंचाक्षरी गवई अंध, त्यांचे शिष्य पुट्टराज गवईही अंध. त्यांच्या वीरेश्वर पुण्याश्रमात कितीतरी अंध मुलं गाणं-वाजवणं शिकून पोटापाण्याला लागली. पुट्टराजांना २०१० साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्या तसबिरींना गुरुपौर्णिमेला हार घालता, आणि त्यांच्यासारखाच गाणारा एखादा मुलगा उद्या व्हीलचेअरवरून आला तर त्याला मंचाच्या खाली बसवणार?

कायद्याचंही ऐका, म्हणजे बाईंची लहर म्हणून हात झटकता येणार नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत सोय करायची होती. ती मुदत उलटून वर्षं झाली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्याला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की हे नियम नुसते सल्लावजा ठेवून भागणार नाही, काही किमान गोष्टी सक्तीच्याच हव्यात.

आता कामाचं बोलू. उद्या सकाळी आठला दोघांनी टेप घेऊन सभागृहात जायचं. दारं, पायऱ्या, मंचाची उंची, सगळं इंचांत लिहून आणायचं, अंदाजाने नाही. स्वच्छतागृहातला सिंह बाहेर काढायचा, किल्ली शेवटचा श्रोता जाईपर्यंत तुमच्यापैकी एकाच्या खिशात. व्हीलचेअरच्या जागा खांबाआड किंवा स्पीकरसमोर नकोत; पुढे दोन, मधे दोन, आणि प्रत्येकीशेजारी सोबत आलेल्या माणसाची खुर्ची. पुढचे लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले तरी तिथून मंच दिसला पाहिजे. तुम्ही स्वतः तिथे बसून बघा. हे सगळं व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या माणसाला बोलावून, त्याला विचारून करायचं. तुमची अक्कल त्यात पुरायची नाही. पत्रिका छापायला गेली असेल तर थांबवा. त्यावर सोयींची माहिती हवी, आणि फोन नंबर असा हवा की पलीकडे कोणीतरी तो उचलेल. पंधरवड्यात एवढं होत नसेल तर आजच सांगा. तारीख पुढे ढकलू. कलाकारांशी मी बोलते.